मचाणाचे नट-बोल्टही पाहा

महोदय,

झाडावर सरकवत चढवायच्या शिकारी मचाणाच्या आरामाची गोष्ट निघाली की सगळे गादीवरच थांबतात. मला ताणलेल्या जाळीचं आसन अधिक आवडतं. मांडीखाली कड टोचत नाही, पाय बधिर होत नाहीत. पण खरी हयगय नट-बोल्टांत होते. जे सांधे वरचेवर उघडायचे नसतात, तिथे नायलॉनची कडी असलेले लॉकनट आणि वॉशर लावावेत. साधे नट हादऱ्यांनी सैल होतात, करकरतात. सांगाड्याला नवी भोकं मात्र पाडू नयेत, नळी कमकुवत होते. अशा मचाणाचे दोन सुटे भाग असतात, बसायचा वरचा आणि पाय ठेवायचा खालचा; ते एकमेकांना दोरीने जोडलेले हवेतच. पायाखालचा निसटला तर माणूस वर अडकतो! आणि पूर्ण अंगाचा हार्नेस (पडताना धरून ठेवणारे पट्टे) जमिनीवरूनच झाडाला बांधून चढावं.

– एक शिकारी वाचक