इरावतीबाईंचा फोटो लावून काय होणार?

मा. संपादक,
स.न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांवरचा लेख वाचला. चांगलाच होता, पण वाचून झाल्यावर दोन दिवस झोप नीट लागली नाही म्हणून हे लिहितोय. मी तीस वर्षं मानववंशशास्त्र शिकवलं आणि आता रिटायर आहे, म्हणजे नोकरी जायची भीती नाही एवढाच माझा शूरपणा.

बर्लिनची गोष्ट आम्ही दर वर्षी नव्या बॅचला सांगायचो. 1920 च्या दशकाच्या शेवटी बाई तिथे पीएचडीला गेल्या, गाइड म्हणून मिळाले ऑयगेन फिशर. हे गृहस्थ 1908 ला नामिबियात (तेव्हा ती जर्मनीची वसाहत) जाऊन मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेऊन आलेले, आणि पुढे हिटलर आल्यावर 1933 मधे बर्लिन युनिव्हर्सिटीचे रेक्टर झालेले. त्यांचा सिद्धांत असा की गोऱ्यांची कवटी जास्त असमान असते कारण त्यांचा मेंदू जास्त तर्कशुद्ध चालतो. बाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि थिसिसमधे सरळ लिहून टाकलं की वंशाचा आणि कवटीच्या असमानपणाचा काही संबंध नाही. साहेबांनी पास केलं पण मार्क अगदी खालचे दिले. पंचविशीतली मुलगी, परका देश, परकी भाषा, आणि समोर ज्याच्या सहीवर डिग्री अडकलीय तो माणूस. वर्गात हे सांगताना माझा आवाज दर वेळी भरून यायचा, खोटं नाही.

आणि हे सांगून झालं की त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला मी पोरांच्या हातात कॅलिपर (मोजमापाचा धातूचा चिमटा) द्यायचो, एकमेकांची नाकं मोजा, रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर. रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1901 च्या जनगणनेच्या वेळी याच आकड्यावरून जातींची उतरंड लावली होती, नाक जेवढं रुंद तेवढी जात खालची. पुढे समाजशास्त्रज्ञ घुर्ये सरांनी 1932 मधे दाखवलं की हे उत्तर प्रदेशाच्या बाहेर फारसं जुळतच नाही. बाबासाहेबांनी तर 1948 मधे असलेच आकडे घेऊन उलटा सवाल केला की मोजमाप खरं धरायचं तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात, मग आता बोला. हे सगळं मी शिकवायचो, परीक्षेला विचारायचो. तरी साधारण तीस वर्षांपूर्वी एका प्रॅक्टिकलला डेमो दाखवायला मी नंदुरबारकडची एक मुलगी पुढे बोलावली, आणि का तिलाच बोलावलं तर तोंडातून पटकन गेलं, "हिचं नाक टिपिकल आहे, बघा". पोरं हसली. ती बसली, मान वर करून, कॅलिपर गार लागतो म्हणून जरा दचकली, मी आकडा फळ्यावर लिहिला. पुढच्या टर्मला तिने विषय बदलला. कारण कोणी विचारलं नाही, मी तर नाहीच नाही.

आता कोणी म्हणेल ती जुनी गोष्ट, हल्ली कोण नाकं मोजतंय. मान्य आहे, हल्ली आडनाव मोजतात आणि "ण" मोजतात. रिटायर व्हायच्या आधी एका कॉलेजात (नाव देत नाही) राखीव जागेसाठी इंटरव्ह्यूच्या पॅनलवर होतो. परभणीकडचा मुलगा, पीएचडी झालेली, पारध्यांच्या पालांवर दोन वर्षं राहून काम केलेलं, आमच्यापैकी कोणी दोन रात्री काढल्या नसत्या. फॉर्म समोर असताना पहिला प्रश्न काय तर पूर्ण नाव सांगा, मग गाव, मग वडील काय करतात. बोलता बोलता तो "पानी" म्हणाला, तर एका तज्ज्ञांनी चहाचा कप खाली ठेवत हळूच "पानी?" असं परत विचारलं आणि शेजारच्याकडे बघून हसले. त्यानंतर तो मुलगा एकेक वाक्य तोलून बोलायला लागला आणि अर्थातच अडखळला. बाहेर गेल्यावर म्हणे, विषय येतो हो, पण पॉलिश नाही. शेऱ्यात लिहिलं "योग्य उमेदवार आढळला नाही". जागा रिकामी राहिली आणि त्याच जागेचे तास वर्षभर सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, उरकले. त्या कागदावर तिसरी सही माझी आहे.

नियम नाहीत असं नाही. दिल्लीच्या एम्सबद्दल थोरात समितीचा रिपोर्ट 2007 मधेच आला, त्यात मुलांनी तोंडी परीक्षेत जात विचारतात हे सांगितलेलं आहे. यूजीसीचे भेदभावाविरुद्धचे नियम 2012 चे, ते नीट पाळा म्हणून हैदराबाद विद्यापीठात जीव दिलेल्या रोहित वेमुलाची आई आणि मुंबईत जीव दिलेल्या डॉ. पायल तडवीची आई, दोघींना 2019 मधे सुप्रीम कोर्टात जावं लागलं. लेक गमावलेल्या बायांनी आम्हा प्राध्यापकांना नियम वाचून दाखवायचे, काय बोलायचं यावर.

जर्मन लोकांनीही काही लगेच केलं नाही. फिशर बर्लिनमधल्या ज्या मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख होते तिच्या आवारात 2014 साली खोदकाम करताना माणसांच्या हाडांचे तुकडे सापडले, खूप वाद झाले, आणि 2023 च्या मार्चमधे ती हाडं दफन केली. त्यातली एक गोष्ट मला फार लागली, त्यांनी ठरवलं की कुठलं हाड कुठल्या वंशाचं हे आता शोधायचं नाही, कारण तसं शोधणं म्हणजे परत तेच केल्यासारखं.

आमच्याकडे निदान एवढं तरी करा. इंटरव्ह्यू आणि व्हायव्हा रेकॉर्ड करा. "योग्य उमेदवार नाही" लिहिलं तर का नाही ते चार ओळीत लिहा आणि त्या चार ओळी उमेदवाराला द्या. वडिलांचा धंदा विचारणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवायचा अधिकार पॅनलवरच्या सगळ्यात ज्युनिअर माणसालाही असू दे. बाईंचा फोटो आमच्या डिपार्टमेंटला आहे, हार पण ताजा असतो, आणि इंटरव्ह्यू त्याच फोटोखाली होतात.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचं झालं तर बर्लिन कापा, ते तुमच्या लेखात येऊन गेलंय. सहीचं तेवढं ठेवा.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, पुणे