मागता येतील तेवढेच दे

चारकोप, रविवार

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला: तुझी मैत्रीण वैशू भाड्याच्या नव्या घरासाठी ३ लाख उसने मागतेय, आणि द्यावे की नको, असं तू विचारतेस. फोन केला नाही, कारण बाबा घरात असले की मध्येच बोलतात, आणि त्यांचं म्हणणं तुला ठाऊक आहे: मैत्रीत पैसा आणायचा नाही. हे वाक्य ते इतकं ठासून बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, आपली ही खोली त्यांनी एकट्याच्या पगारावर घेतली. म्हणून लिहून पाठवते. लांबेल. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की वाच.

वैशूची अडचण खरी आहे, त्यात मला शंका नाही. लालबागची चाळ पुनर्विकासासाठी पाडली, बिल्डरने सुरुवातीला भाड्याचे चेक वेळेवर दिले, मग 'पुढच्या महिन्यात' सुरू झालं आणि आता फोनही उचलत नाहीत. त्यात आहे त्या घरमालकाचं अ‍ॅग्रीमेंट संपतंय आणि त्याला भाडं वाढवून हवंय. पोरांची शाळा तिथलीच, सासूबाईंचा दवाखाना तिथलाच, म्हणून करी रोड सोडवत नाही. हे सगळं मला समजतं. माझं आयुष्य त्याच गल्ल्यांत सुरू झालं.

पण तू तिला आकडा विचारलास, हिशेब विचारला नाहीस. तिने ३ लाख म्हटलं आणि तू 'द्यावे की नको' यावर येऊन थांबलीस. मी पतपेढीत आयुष्य काढलं गं, मला आधी अर्ज दिसतो. तूच सांगितलेले आकडे घे. भाडं २८ हजार, डिपॉझिट १ लाख. ब्रोकरला एका महिन्याचं भाडं, म्हणजे २८ हजार. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, आणखी २८. टेम्पो, हमाल, अ‍ॅग्रीमेंटचं रजिस्ट्रेशन असं धरून १४-१५ हजार. झाले १ लाख ७० हजार. मग उरलेले १ लाख ३० हजार कशासाठी? आणि जुन्या जागेचं डिपॉझिट परत येणार असेल ना? की ते थकलेल्या भाड्यात वळतं झालं?

हे विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. बहुतेक तिच्या डोक्यावर आणखी काहीतरी आहे आणि ते सांगायला ती लाजते. क्रेडिट कार्डाचं थकलेलं असेल तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढत असेल, आणि मग ते आधी फेडायला हवं, घराचं टोकन नंतर. एखाद्या मोबाइल अ‍ॅपवरून काढलेलं कर्ज असेल तर त्याहून घाई आहे. खरं कारण माहीत नसताना दिलेले पैसे चुकीच्या भोकात जातात. तिची अडचण तशीच राहते आणि तुझी एफडी मोडलेली असते.

आता परतफेडीचं. ती म्हणते, बिल्डरची थकबाकी आली की एकरकमी देते. ती मनापासून म्हणत असेल. पण ही तारीख तिच्या हातात नाही, आणि बिल्डर काही तुझा देणेकरी नाही. उद्या त्याने वर्षभर चेक दिला नाही तर तू कोणावर चिडणार? चिडशील वैशूवर, आणि ती म्हणेल, माझा काय दोष? दोघीही खऱ्या असाल आणि बोलणं बंद झालेलं असेल. म्हणून बिल्डरचा पैसा हिशेबातून काढून टाक. आला तर आनंद. ती आणि तिचा नवरा दोघं कमावतात. दर महिन्याला किती देऊ शकतात ते विचार. ६-७ हजार जमत असतील तर दीड-पावणेदोन लाख दोन वर्षांत फिटतात. तेवढेही जमत नसतील, तर ३ लाख एकरकमी कुठून येणार आहेत, ते तूच सांग.

यावर तू म्हणशील, आई, एवढा हिशेब मैत्रीत? तेव्हा आता खोलीची गोष्ट सांगते, जी बाबा सांगत नाहीत.

ही खोली घ्यायची ठरली तेव्हा माझ्या पतपेढीचं कर्ज, बाबांचं पीएफमधून काढलेलं आणि माझ्या दोन बांगड्या, एवढं करूनही ४० हजार कमी पडत होते. ते दिले बाबांच्या पोयसर डेपोतल्या मित्राने. तू ज्यांना कंडक्टर काका म्हणायचीस ते. तेव्हा ४० हजार म्हणजे थोडे नव्हते, आणि त्यांच्याही घरात बहीण लग्नाची होती. देताना त्यांनी एकच सांगितलं: दर महिन्याला पगार झाला की मी येणार, चहा पिणार आणि मागणार. तुम्ही जे द्याल ते घेणार, पण मागणार.

आणि ते खरंच यायचे. चपला दारात काढायच्या आधीच आवाज: "वहिनी, चहा आणि हप्ता!" पहिल्यांदा मला जमिनीत शिरावंसं वाटलं. शेजारच्या खोलीत ऐकू जात होतं. हळूहळू त्याची सवय झाली, इतकी की पगाराच्या दिवशी मी पैसे वहीत काढूनच ठेवायची. एका पावसाळ्यात तुला कावीळ झाली, त्या महिन्यात काही देता आलं नाही. ते आले, त्यांनी मागितले, मी नाही म्हटलं. "बरं, पुढच्या महिन्यात," म्हणाले आणि तुझ्यासाठी आणलेला ऊस सोलत बसले. त्यांना नाही म्हणणंही सोपं होतं, कारण ते मागत होते. सगळे पैसे फिटले. आजही गौरीच्या जेवणाला ते कुटुंब आपल्याकडे असतं.

याच्या उलटही मी पाहिलंय, पतपेढीत आणि चाळीतही. भिडेखातर पैसे देणारा माणूस पुढे तोंड उघडत नाही. तो वाट पाहतो. समोरच्याने नवा फ्रिज घेतला की मोजतो. लेकीच्या वाढदिवसाला हॉल घेतला की मोजतो. एक शब्द बोलत नाही, पण जिन्यात दिसला की मान फिरवतो. घेणाऱ्यालाही ते कळतं, मग तो दुसऱ्या जिन्याने जायला लागतो. मागणाऱ्यामुळे मैत्री तुटली असं लोक म्हणतात. माझ्या पाहण्यात ती बहुतेक वेळा न मागणाऱ्यामुळे तुटली.

तेव्हा वैशू परत देईल का, हा प्रश्न मी तुला विचारणारच नाही. देईल, चांगली मुलगी आहे. मी विचारते ते तुझ्याबद्दल: तुला मागता येईल का? तू रिक्षावाल्याकडून सुटे दहा रुपये मागत नाहीस. ऑफिसात कोणाच्या फेअरवेलची वर्गणी तू भरतेस आणि नंतर कोणी दिली नाही म्हणून माझ्याकडे कुरकुरतेस. म्हणून आकडा असा ठरव, की दर महिन्याच्या पाच तारखेला तू तिला हसत विचारू शकशील, "वैशू, या महिन्याचे?" ३ लाखांसाठी तुझी जीभ उचलणार नाही, मी तुला ओळखते. दीड लाखासाठी उचलेल का, ते तू पाहा. ५० हजारांसाठीच उचलत असेल तर ५० हजार दे, आणि बाकीचे आणखी दोघांकडून उभे करायला तिला मदत कर.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. मेसेजच्या शेवटी तू ओझरतं म्हणालीस की एफडी मोडायची नसेल तर 'तुझ्या नावावर पर्सनल लोन काढ, ईएमआय मी भरते' असं ती सुचवत होती. नाही. हे मी आई म्हणून नाही, पतपेढीची माणूस म्हणून सांगते. बँकेला वैशू माहीत नाही. तिचे पैसे दोन दिवस उशिरा आले की हप्ता बाउन्स होणार तुझ्या खात्यात, दंड तुला आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग तुझा. उद्या तुम्हा दोघांना घराचं कर्ज घ्यायचंय, तेव्हा मॅनेजरला मैत्रीची गोष्ट सांगत बसणार का? शिवाय स्वतःचे पैसे दिले तर एखाद्या महिन्यात तू तिला सवलत देऊ शकतेस. बँकेचे दिलेस तर तीही देता येत नाही.

जामीन राहण्याचंही तेच. कराराच्या कायद्यात १८७२ पासून लिहिलेलं आहे की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आमच्याकडे प्रत्येक कर्जाला दोन जामीनदार लागायचे आणि सह्या चहा पिता पिता व्हायच्या. मग कर्जदार नोकरी सोडून गावी जायचा आणि आमचं पत्र जामीनदाराच्या ऑफिसात. पगारातून कपात सुरू झाली की तो माणूस पगाराची स्लिप घेऊन काउंटरवर यायचा. बायकोला काय सांगू, हा पहिला प्रश्न असायचा. माझ्याकडे त्याला द्यायला पोटनियमांशिवाय काही नसायचं. वसुलीची ती पत्रं मीच टाइप करायची, त्यामुळे या बाबतीत माझं मन जरा कठोरच आहे, ते मान्य.

कागदाचं थोडक्यात सांगते. रोख द्यायचे नाहीत. आयकराच्या कायद्याप्रमाणे २० हजार किंवा जास्त रक्कम रोखीत उसनी घेता येत नाही, आणि घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढाच दंड बसू शकतो. फेडतानाही रोखीला तीच मर्यादा. म्हणजे नियम मोडून तू तिलाच गोत्यात आणशील. खात्यातून खात्यात पाठव आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या मराठीत लिही: हातउसने म्हणून इतके दिले, अमुक महिन्यापासून दरमहा इतके परत, व्याज नाही. तिच्याकडून 'हो' येऊ दे. एका कागदावर सहीही घे. उसने दिलेले पैसे कोर्टातून मागायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि ती संपायच्या आत लेखी कबुली मिळाली तर नव्याने मोजतात. तू कोर्टात जाणार नाहीस, मला माहीत आहे. तो कागद दोघींच्या आठवणीसाठी. दोन वर्षांनी एकीला ७ हजार आठवतात, दुसरीला ५.

चेक लिहून घ्यायला कोणी सुचवेल. बाबा सुचवतीलच. मला पटत नाही. चेक परत आला तर पुढे कलम १३८ची, चेक न वटल्याची केस: तीस दिवसांत नोटीस, मग पंधरा दिवसांची वाट, मग तक्रार, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ज्या मैत्रिणीवर तू हे करणार नाहीस तिच्याकडून चेक घेऊन कपाटात ठेवण्यात काय अर्थ? तिला मात्र त्या कपाटाची रोज आठवण येईल.

व्याज घेऊ नकोस, हे सांगायला नकोच.

आणि सगळं उसनंच असायला हवं असंही नाही. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. वाण्याने वही बंद केली होती. आमच्या मजल्यावर ज्यांच्या घरात कोणी पोस्टात किंवा बेस्टमध्ये होतं, त्या घरांतून तांदूळ यायचे, तेल यायचं. ते कोणी लिहून ठेवलं नाही आणि परतही मागितलं नाही. वैशूच्या पोरांच्या शाळेची एखादी टर्म फी अडली असेल तर ती भर आणि विसरून जा. पण ते वेगळं आणि हे वेगळं, हे तिलाही सांग. दोन्हीची सरमिसळ झाली की आपण काय दिलं आणि काय देणं आहे, तेच कळेनासं होतं.

अमेयरावांना आधी सांग. पैसा तुझ्या पगाराचा आहे, परवानगी मागायची नाही. पण एफडी मोडल्याचं त्यांना बँकेच्या मेसेजवरून कळू नये. ते नको म्हणाले तर का, ते ऐकून घे. त्यांच्या घरात काकांनी भावाला दिलेल्या पैशांवरून काय झालं ते तुला माहीत आहे. त्या माणसाला भीती वाटली तर ती उगाच नाही.

वैशूशी फोनवर बोलू नकोस. तिच्या घरी जा, सासूबाई झोपल्यावर किंवा खाली चक्कर मारताना. गुरुवारी टोकन द्यायचंय म्हणालीस, म्हणजे बुधवारच्या आत. जुन्या डिपॉझिटचं आधी विचार, त्यावरून पुढचं बरंच कळेल. आणि नवीन जागेचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करणार आहे का, तेही बघून घ्यायला सांग. ब्रोकर घाई करतात.

तुझी,
आई