सुंदा मुलांना पहिली तीन वर्षं सुंदातच शिकवा : इंडोनेशियाच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय प्राथमिक व माध्यमिक शिक्षणमंत्री,
इंडोनेशिया प्रजासत्ताक, जकार्ता

सविनय नमस्कार.

मी महाराष्ट्रात मराठी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. घरच्या बोलीत विचारलं की मूल हातचा घ्यायला कसं पटकन शिकतं, हे रोज पाहते. म्हणूनच पश्चिम जावातल्या, घरी सुंदा भाषा बोलणाऱ्या मुलांबद्दल आपल्याला लिहिते आहे.

देवी सार्तिका तुमच्या राष्ट्रीय वीरांगना. वडिलांना हद्दपारी झाल्यावर त्या चिचालेंग्काला काकांकडे वाढल्या. तिथे वाड्यामागे कौलांचे तुकडे आणि कोळसा घेऊन नोकरांच्या मुलांना अक्षरं गिरवायला लावत. पुढे १६ जानेवारी १९०४ रोजी बांडुंग शहरात रीजंटांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या देशी प्रमुखांच्या, वाड्यात त्यांनी ‘सकोला इस्त्री’ ही मुलींची शाळा काढली. लिहिणं, वाचणं, हिशोब, शिवण, स्वयंपाक असे विषय होते. त्याही आधी गारुतच्या लास्मिनिंग्रात यांनी मुलांसाठी एका युरोपीय गोष्टीवरून सुंदात पुस्तक लिहिलं, १८७५ साली. स्वतःला डच उत्तम येत असूनही लिहिलं ते सुंदात, याचं मला फार मोल वाटतं. त्यांचे वडील मोहमद मुसा आणि डच चहामळेवाले होले यांच्या खटपटीतून सुंदात शालेय पुस्तकं छापली जाऊ लागली. बांडुंगचं शिक्षक विद्यालय १८६६ चं. लोक त्याला ‘सकोला राजा’ म्हणत. डच वसाहतीच्या सरकारला कारकून हवे होते, हे खरंच. पण त्यातूनच सुंदा ही छापील, शाळेत शिकवायची भाषा झाली.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या शिक्षण कायद्याने बालवाडी आणि प्राथमिकच्या पहिल्या तीन इयत्तांत प्रादेशिक भाषेत शिकवायची मुभा दिली. १९८९ च्या कायद्यात तीन इयत्तांचा उल्लेख गेला आणि २००३ च्या कायद्यात ‘सुरुवातीच्या टप्प्यात, गरज भासल्यास’ एवढंच उरलं. गरज कोणी ठरवायची? आज बहुतेक शाळांत सुंदा हा आठवड्यातल्या मोजक्या तासिकांचा विषय आहे.

त्या तासिकांतही मूल घाबरतं. सुंदात जेवण्यासाठी बरोबरीच्यांत एक क्रियापद, मोठ्यांबद्दल बोलताना दुसरं, मोठ्यांसमोर स्वतःबद्दल तिसरं. चुकलं तर उद्धट ठरू या धास्तीने पोरं सरळ इंडोनेशियनमध्ये बोलतात, शहरांत तर घरीही. हे भेद रोजच्या वापरातून सहज अंगवळणी पडतात; परीक्षेसाठी पाठ केले की भीती तेवढी वाढते. बांडुंगच्या रस्त्यांच्या पाट्यांवर सुंदा लिपी आहे, ही चांगलीच गोष्ट. पण ती वाचायला मूल शाळेत शिकलं पाहिजे.

इंडोनेशियन भाषेने हजारो बेटं एकत्र बांधली, तिला माझा विरोध नाही. ती चौथीपासून माध्यम होऊ द्या, आधी विषय म्हणून शिकवा. मात्र ज्या गावांत घरी सुंदा बोलतात, तिथे पहिली तीन वर्षं गणित आणि परिसर अभ्यास सुंदातून शिकवण्याचा स्पष्ट आदेश काढा. ‘गरज भासल्यास’ हे शब्द शाळेच्या मर्जीवर सोडू नका. त्यासाठी पुस्तकं लागतील आणि वर्गशिक्षकांचं प्रशिक्षणही. बांडुंगच्या शिक्षण विद्यापीठात सुंदाचा विभाग आहे. त्या कामाची सुरुवात तिथून करता येईल. येत्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका