पिशवीच्या ऑपरेशननंतर पाणी गळतंय? आधी मूत्रवाहिनी तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ऑपरेशनची गरज होती का, यावर तेव्हा बोललं गेलं, ते बोलायलाच हवं होतं. पण ऑपरेशनमध्ये मूत्रवाहिनी दुखावली तर पुढे काय करायचं, हे त्या बाईला कुणी सांगत नाही.

मूत्रपिंडातली लघवी मूत्राशयात आणणारी ही नळी जेमतेम ३-४ मिलिमीटर जाड असते. पिशवीच्या तोंडापासून दीड-दोन सेंटिमीटरवर ती पिशवीच्या रक्तवाहिनीखालून जाते. तिथे रक्तस्राव झाला आणि नळी न पाहता चिमटा लावला, की ती चिरडते किंवा टाक्यात बांधली जाते. कॉटरीचा (रक्त थांबवायला भाजणाऱ्या विजेच्या उपकरणाचा) चटका बसला तर ती लगेच फुटत नाही. भाजलेला भाग हळूहळू मरतो आणि दहा-बारा दिवसांनी गळू लागतो. तोवर बाई घरी गेलेली असते.

एक खूण घरच्यांनीही लक्षात ठेवावी. बाईला लघवी नेहमीसारखी होते आणि तरीही लुगडं सतत ओलं राहतं. दुसऱ्या बाजूचं मूत्रपिंड मूत्राशय भरत असतं, म्हणून असं होतं. याला ‘पांढरं जातंय’ म्हणून गोळ्या देणं चूक आहे. योनीमार्गात एकावर एक गॉजचे तीन बोळे ठेवायचे, कॅथेटरमधून मूत्राशयात निळं औषध मिसळलेलं सलाईन भरायचं आणि बाईला पंधरा-वीस मिनिटं चालवायचं. वरचा बोळा निळा झाला तर गळती मूत्राशयातून. ओला झाला पण निळा नाही, तर संशय मूत्रवाहिनीवर. कधी दोन्हीकडून गळती असते, म्हणून बोळा निळा झाला तरी सीटी युरोग्राफी (मूत्रमार्गाचं सीटी स्कॅन) करावीच.

नळी पूर्ण बांधली गेली तर मात्र काहीच गळत नाही. कूस, म्हणजे कमरेची बाजू, दुखते, ताप येतो, पोट फुगतं. काहींना तेवढंही होत नाही. दुसरं मूत्रपिंड काम ओढत असल्याने रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायला तपासतात ते) फारसं वाढत नाही आणि बांधलेल्या बाजूचं मूत्रपिंड मुकाट्याने निकामी होतं. म्हणून कूस दुखली की दोन्ही मूत्रपिंडांची सोनोग्राफी त्याच दिवशी करावी.

इजा लवकर कळली तर पुष्कळदा दुर्बिणीतून डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक पोकळ नळी) घालून भागतं. स्टेंटला वाट दाखवणारी तार पुढे सरकलीच नाही तर पाठीतून वेगळी नळी टाकून मूत्रपिंड मोकळं करायचं, जंतुसंसर्ग आटोक्यात आणायचा आणि मूत्रवाहिनी मूत्राशयात नव्याने जोडायची.

आपल्याकडे खरी गफलत यानंतर होते. स्टेंट साधारण सहा आठवड्यांनी काढायचा असतो. दिवाळीच्या आसपास घातलेल्या स्टेंटची तारीख येते तेव्हा बाई टोळीसोबत फडावर असते. उचल घेतलेली, मुकादम सोडत नाही, दुखणंही थांबलेलं. महिनोन्‌महिने राहिलेल्या स्टेंटवर खडे चढतात, तो ओढून निघत नाही. वेळेवर काढला तरी नळी नंतर आकसू शकते, म्हणून सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी लागते.

डॉक्टरांना विनंती आहे, डिस्चार्ज कार्डावर ‘आत स्टेंट आहे, कोणत्या बाजूला, अमुक तारखेपर्यंत काढणे’ हे ठळक मराठीत लिहा आणि ते नवऱ्याला व आशाताईंना वाचून दाखवा. बाई कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जाणार आहे तेही विचारा. म्हणजे तिथल्या जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी आधीच देता येईल.

आपला,
एक मूत्ररोगतज्ज्ञ, अंबाजोगाई