जिनी जॉन्स्टनच्या निमित्ताने

रत्नागिरी

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डब्लिनच्या कस्टम हाउस धक्क्यावरून तू फोटो पाठवलास, ते तीन डोलकाठ्यांचं जहाज म्हणजे जिनी जॉन्स्टनची प्रतिकृती. मूळ जहाज १८४७ साली कॅनडातल्या क्वेबेकला बांधलेलं, आणि आयर्लंडमधल्या ट्रॅली गावच्या डोनोव्हन या व्यापारी घराण्याने ते विकत घेतलं. तिकडून लाकूड आणायचं आणि जाताना रिकाम्या तळात दुष्काळाने पिचलेली आयरिश माणसं न्यायची, असा तेव्हाचा व्यवहार होता. बटाट्याचं पीक कुजलं होतं. लोक पोट हातात घेऊन निघत होते.

ती माणसं कशी जायची ते वाचून मला झोप आली नाही. सहा फूट लांब-रुंद फळ्यांवर चार-चार जण. उवांमुळे टायफसचा ताप पसरायचा. एकट्या १८४७ साली क्वेबेकजवळच्या ग्रोस बेटावर ५,००० हून अधिक माणसं पुरली गेली. त्या गलबतांना लोक 'शवपेटी' म्हणायचे, यात नवल काय?

आणि त्याच वाटेवर जिनी जॉन्स्टनने १८४८ ते १८५५ या काळात १६ फेऱ्या केल्या. एकही प्रवासी, एकही खलाशी दगावला नाही! पहिल्या फेरीला १९३ माणसं होती. त्याच वेळी जहाजावर एक बाळ जन्मलं, त्याच्या नावात आईबापांनी 'जॉन्स्टन' घातलं.

कप्तान जेम्स अॅट्रिज अनुभवी होता, पण माझं मन गुंतलं ते डॉक्टर रिचर्ड ब्लेनरहॅसेटमध्ये. त्याच्याकडे टायफसवर औषध नव्हतं, तेव्हा कुणाकडेच नव्हतं. तो हॅच, म्हणजे डेकवरची झाकणं, उघडायला लावायचा, अंथरुणं वर आणून वारा द्यायचा, हवा बरी असली की सगळ्यांना डेकवर फिरवायचा. हे रोज करवून घ्यायला किती चिकाटी लागली असेल, विचार कर. खलाशी वैतागले असतील, आजारी माणसं उठायला तयार नसतील.

१८५८ साली ते जहाज अटलांटिकमध्ये बुडालंच. तेव्हा ते लाकूड घेऊन इंग्लंडमधल्या हल बंदराकडे निघालं होतं. पाणी भरलं, पण पोटात लाकूड असल्याने लगेच तळाला गेलं नाही. खलाशी डोलकाठ्यांच्या दोरखंडांना धरून बसले. नवव्या दिवशी एका डच जहाजाने त्यांना उतरवून घेतलं. सगळेच्या सगळे वाचले.

तुमच्या मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो, हे तू मागे सांगितलंस. औषधांची पेटी ज्या ऑफिसरकडे असेल त्याच्यामागे लाग आणि टाके घालण्यापासून सगळं शिकून घे. कॅडेटला कोणी आपणहून शिकवायला बसणार नाही. आणि खालच्या केबिनमधला एखादा पोरगा दोन दिवस जेवायला आला नाही, तर त्याचं दार तू वाजव.

आईचा आशीर्वाद. सिग्नल मिळाला की फोन कर.

तुझा,
बाबा