छायाचित्रे लावा, पण रस्त्यावर उभे राहून

संपादक महोदय,

दुकानांच्या शोकेसमध्ये छायाचित्रांची प्रदर्शने भरवावीत, ही कल्पना आपल्या पुरवणीत वाचून आनंद झाला. कलादालनाची पायरी चढायला बिचकणारा माणूस रस्त्याने जाताजाता चार चित्रे पाहतो, हे खरेच आहे. मात्र अशी दोन-तीन प्रदर्शने स्वतः लावल्यानंतर एक तक्रार मांडावीशी वाटते, आणि ती माझ्यासारख्या लावणाऱ्यांविषयीच आहे: आम्ही चित्रे दुकानाच्या आत उभे राहून लावतो आणि पाहणारा बाहेर असतो.

पहिल्या वेळी मी बारा कृष्णधवल चित्रे काचेच्या फ्रेमांमध्ये घालून, मागे काळे कापड सोडून, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात टांगली. बाहेर येऊन पाहिले तेव्हा ती देखणी दिसत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, तर चित्रातल्या एका वृद्धाच्या काळ्या कोटात समोर उभी केलेली सायकल घंटीसकट दिसत होती आणि त्याचा चेहरा मात्र शोधावा लागत होता. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के, म्हणजे एका तावदानाच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परततो. बाहेर ऊन असताना उजेड हजारो लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो, आतल्या दिव्यांचा फार तर काहीशे. त्यामुळे परतलेल्या त्या ८ टक्क्यांपुढेही चित्राचा टिकाव लागत नाही, आणि चित्राचा भाग जितका गडद, तितका तेथे आरसा स्वच्छ. फ्रेमला काच असली की हीच भानगड दुसऱ्यांदा होते. म्हणून आता मी फ्रेमची काच काढूनच टाकतो, कारण धूळ अडवायला शोकेसची काच आहेच. काळ्या कापडाऐवजी फिकट राखाडी पाठ लावतो आणि दिवसा पाहायच्या प्रदर्शनासाठी उजळ छटांची चित्रे निवडतो. काळोखी चित्रांचा मोह सुटत नसेल, तर सावलीच्या बाजूचे दुकान शोधावे.

उंचीचा घोळही असाच. दालनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात. पण शोकेसचा तळ फुटपाथपेक्षा बहुधा उंच असतो आणि आतून मोजणाऱ्याच्या हे ध्यानातच येत नाही. परिणामी बाहेरचे लोक माना वर करून चित्रे पाहतात, किंवा पाहतच नाहीत. टेप फुटपाथवर टेकवूनच माप घ्यावे. चित्राशेजारी बारीक अक्षरांत चिकटवलेली माहितीची चिठ्ठी काचेबाहेरून कोणी वाचत नाही. दोन ओळी पुरतात, पण त्या ठळक आणि काचेलगत हव्यात. त्यांत छायाचित्रकाराचे नाव असावे, एवढे सांगावे लागते हेच नवल, कारण दुकानाच्या पाटीवर नाव लिहायला कोणी विसरत नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते रंग उडण्याकडे. १८५५ साली लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने प्रिंट का फिकटतात हे तपासण्यासाठी समिती नेमली होती. तेव्हा मुख्य दोष अपुऱ्या धुलाईचा आणि दमटपणाचा निघाला. आजच्या रंगीत प्रिंटची वाट लावायला नुसता उजेड पुरतो. नाजूक रंगीत छायाचित्रांसाठी संग्रहालये ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, तर थेट उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. साधी काच अतिनील किरणांपैकी थोडेच अडवते. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली लॅमिनेटेड काच त्यांतील बहुतेक अडवते, पण दृश्य प्रकाशही रंग खातो, त्याला तिचा उपाय नाही. माझे एक प्रिंट चार महिन्यांनी उतरवले, तेव्हा माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कडेखाली दडलेली बोटभर पट्टी तेवढी मूळ रंगाची राहिली होती. त्या पट्टीत छत्रीची कड लालभडक होती आणि उरलेली छत्री फिकट विटकरी.

तेव्हा शोकेसमध्ये मूळ प्रिंट कधीही लावू नये. पिगमेंट शाईत, म्हणजे रंगद्रव्याचे बारीक कण असलेल्या शाईत, काढलेली प्रत त्यातल्या त्यात जास्त टिकते, पण तीही कायमची नव्हे. प्रदर्शन किती आठवडे ठेवायचे आणि कोणत्या तारखेला उतरवायचे, हे दुकानदाराशी पहिल्या बोलण्यातच ठरवून घ्यावे; एकदा चित्रे टांगली की ती उतरवायला दोघांनाही सवड होत नाही.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक