चुन्यात काय घालता?

दादर,
रविवार रात्र

प्रिय मंद्या,

‘स्केचबुक टाकून कारकून झालास’ असं लिहिलंयस, ते लागलं. निम्मं खरं आहे म्हणूनच लागलं. सहा महिन्यांत एक जिना काढलेला नाही. एक्सेलच्या शीट मात्र ढीगभर.

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, तेव्हा मी सगळ्यात आधी उत्सर्जनाचं पान उघडलं. शहराच्या एकूण उत्सर्जनातलं ७२ टक्के ऊर्जेतून, आणि त्यात मोठा वाटा इमारतींच्या विजेचा. दहा वर्षं मी पश्चिमेला तोंड केलेले जे काचेचे टॉवर काढले, त्यांचे एसी त्या बेरजेत धरलेत रे! त्या रात्री झोप नाही लागली. नोकरी सोडली ती त्यानंतर. (आई अजून ‘काढून टाकलं’ असंच समजते.)

आता दिवसभर इको निवास संहितेशी झटापट. घरांत ऊर्जा वाचावी म्हणून केंद्राने केलेली नियमावली, पहिल्यांदा आली २०१८ला. भिंती-खिडक्यांतून घरात शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॉटच्या वर जायला नको, एवढं तिचं मुख्य मागणं. छताचं गणित वेगळं. रुंद छज्जा, हलक्या विटा, बेताची काच, एवढ्यात जमतं. आपल्या आजोळच्या घरांत जमलेलंच होतं. पण राज्यांनी नियमावलीत घेतल्याशिवाय तिला दात नाहीत. परवा एक बिल्डर म्हणाला, “साहेब, व्ह्यू विकला जातो, छज्जा नाही.” मला उत्तर सुचलं नाही. दहा वर्षं मीच तर व्ह्यू विकत होतो.

आणि शहर २०५०पर्यंत नेट झिरो करायचंय, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषलं जायला हवं, तेही देशाच्या वीस वर्षं आधी!

गेल्या एप्रिलात गोवंडीला गेलो होतो. एक मावशी घराच्या छपराच्या पत्र्यावर ओली गोणपाटं टाकून दुपारभर गल्लीत बसलेल्या. म्हणाल्या, “पत्रा उतरला की आत जाते.” ताप उतरावा तसं. त्यांचे आणि शेजारचे मिळून पाच पत्रे ऊन परतवणाऱ्या तयार रंगाने पांढरे करून दिले. आतला फरक हाताला कळत होता. पण पोरं पतंगासाठी वर चढतात, धूळ बसते. मे संपेतो सगळं काळपट. तो रंग दरवर्षी परवडणार नाही आणि साधा चुना पत्र्यावर धरत नाही, पापुद्रे निघतात.

तू सावंतवाडीत चिऱ्याच्या भिंतींना चुना देतोस, तुझ्या गवंड्याला विचार ना, चुन्यात काय घालता? गूळ? बेलफळ? पत्र्यावर धरेल असं काही आहे का? होळीच्या आत तीस पत्रे करायचेत. पत्र लिहीत बसू नकोस, सरळ फोन कर.

तुझा,
अव्या